खटका पडेना

१

दुपारची जेवणं आटोपली की भांडी मशीनमध्ये रचायची, साबणाची वडी टाकायची, दार लावून बटण दाबायचं आणि चहाचा कप घेऊन सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसायचं, हा माझा दिवसातला एकुलता एक सुखाचा वेळ होता. शाळेत पोरांना पदार्थविज्ञान शिकवून माझा घसा आधीच बसलेला, त्यात सासूबाईंच्या दुखण्यासाठी घेतलेली लांबलचक रजा. यंत्र राबतंय आणि मी बसून चहा पितेय, यातला आनंद ज्याने कधी ढीगभर भांडी घासली नाहीत त्याला कळायचा नाही.

सासूबाईंना आम्ही दोघंही आईच म्हणायचो. फुप्फुसं थकल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. उशाशी ऑक्सिजनचं मशीन, त्यातून निघालेली नळी नाकात. ते मशीन दिवसभर एकाच ठेक्यात चालायचं, फुस्स, ठक, फुस्स, ठक, आणि आम्ही घरात कुठेही असलो तरी अर्धा कान तिकडे असायचा. कारण ते बंद पडलं की थोड्याच वेळात आईंचे ओठ निळे पडायला लागायचे. अडीअडचणीला म्हणून पलंगाखाली एक छोटा सिलिंडर होता, पण त्याचा जीव तो केवढा!

चालत्याफिरत्या होत्या तेव्हा या घरात आईंचा एकच कायदा होता. खरकटं ठेवून पाठ टेकायची नाही. ताप असो, पाहुणे असोत, आधी भांडी. धुतलेले कप ओट्यावर उपडे घालायच्या आणि सगळ्यांचे कान भिंतीकडे करायच्या, म्हणजे येताजाता बाही अडकून फुटायला नको. मी कान माझ्याकडे करते. त्यावरून लग्नानंतर पहिलं वर्षभर आमची धुसफूस चालली होती.

भांड्यांचं मशीन आणलं त्या दिवशी त्यांनी खोलीतूनच विचारलं, "त्याला हात आहेत का गं?"

"हात नाहीत आई, पाण्याचे फवारे आहेत."

"फवाऱ्याने काय होतंय? हात फिरल्याशिवाय भांडं निघत नाही."

"मग या तुम्ही, फिरवा हात," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्यांना धाप लागली.

मग एका दुपारी चहाचा पहिला घोट घेतला आणि बाहेर बोळात, मीटरच्या पेटीत, खटका पडला. पंखा थांबला, फ्रीज थांबला, आईंच्या मशीनने कानठळ्या बसवणारी किंकाळी फोडली. वीज गेली की ते असंच ओरडतं. मी कप तसाच टाकून धावले, स्टुलावर चढले आणि खटका वर केला. सगळं पुन्हा सुरू झालं. मशीनमधली भांडी अर्धवट धुतलेली, साबणाने बरबटलेली. चहा सांडलेला. मी तोही कप मागच्या रांगेत खोचला आणि पुन्हा बटण दाबलं.

पुन्हा खटका पडला.

२

रोज तेच सुरू झालं. मशीन लावायचं, पाणी भरायचं, तापायला लागायचं, आणि बरोबर मध्यावर खटका. आमचे हे चष्म्याच्या दुकानात कामाला, त्यामुळे जगातल्या प्रत्येक बिघाडाचं मूळ धूळ आहे अशी त्यांची समजूत. त्यांनी मशीनची जाळी घासली, रबर पुसलं, आणि हात झटकत म्हणाले, "झालं! आता बघ." मी बघितलं. आईंचं मशीन किंचाळलं, मी स्टुलावर चढले.

एक गोष्ट मात्र मला खटकायला लागली होती. खटका पडला की आईंचा जीव कासावीस व्हायला हवा. तसा तो व्हायचाही, पण त्याच्या आधी क्षणभर त्या मोठा सुस्कारा सोडायच्या आणि उजवा हात डाव्या हाताने चोळायच्या.

"सोडला बाई एकदाचा," त्या म्हणायच्या.

"काय सोडलं आई?"

"हात."

मला वाटलं, बोटाला लावलेला तो प्राणवायू मोजायचा चिमटा काचत असेल. मी तो काढून दुसऱ्या हाताला लावला. काढताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं पाहिली. टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, तासभर पाण्यात हात असला की होतात तशी. बोटांना लिंबाचा वास येत होता.

आमच्या साबणाच्या वडीला लिंबाचा वास आहे.

आता मी काही भोळीभाबडी नाही. मी स्वतःला समजावलं की सकाळी मी त्यांचं अंग पुसलं, तेव्हा बोटं ओली राहिली असतील. वास माझ्याच हातांचा. या वयात कातडी अशी होते. सगळी कारणं चोख होती. फक्त त्यांचा डावा हात कोरडा होता, कागदासारखा, आणि त्याचं कारण मला सुचलं नाही. मी उजवा हात टॉवेलने पुसला, पांघरुणाखाली घातला आणि ह्यांना म्हटलं, "अहो, बास झालं धूळ झाडणं. वायरमन भाऊजींना बोलवा."

३

वायरमन भाऊजी हा ह्यांचा शाळासोबती. दारातूनच त्याचा गडगडाट सुरू होतो.

"वहिनी, आधी चहा की आधी शॉक?"

"आधी काम. चहा कामाच्या मापाने मिळेल."

"ऐकलंस का रे? तुझी बायको अजून मास्तरीणच आहे!" असं म्हणत तो ओट्यापुढे फतकल मारून बसला, मशीन ओढून बाहेर काढलं आणि मागचा पत्रा उघडला. काम करताना तो बोलतो, आणि बोलताना काम करतो.

"पेटीतला तो खटका आहे ना वहिनी, तो फार संशयी प्राणी आहे. जेवढी वीज घरात गेली तेवढी परत आली पाहिजे. जरा कमी आली की हा म्हणतो, वाटेत कुणीतरी आहे. आणि पडतो."

"भाऊजी, हे मी नववीला शिकवते."

"मग सांगा, वाटेत कोण असतं?"

"ओल. पाणी. नाहीतर माणूस."

"शंभर टक्के. माणसाचा हात लागला की हा पडायलाच हवा. नाही पडला तर वीज माणसाला धरते. मूठ अशी आवळते की सोडू म्हटलं तरी सुटत नाही." त्याने पक्कड मुठीत घट्ट धरून दाखवली. "माझा एक जोडीदार असाच गेला. म्हणून मी याला जीव वाचवणारा खटका म्हणतो. तो पडतोय ना, त्याचे उपकार माना. आपण फक्त ओल कुठे आहे ती शोधायची."

त्याने पाणी तापवायची कॉइल मोजली. ठणठणीत. पंप मोजला, तोही ठणठणीत. वायरी, दाराचं बटण, खालचा पत्रा, सगळं कोरडं. शेवटी भिंतीतल्या त्याच प्लगला इस्त्री लावून बघितली, ती छान तापली. "बिचाऱ्याला उगाच बदनाम करताय," तो म्हणाला आणि मशीन सुरू केलं. आम्ही तिघं कान देऊन उभे. पाणी भरलं, फवारे फिरायला लागले, भांडी हलकी किणकिणली. मग त्या फवाऱ्यांच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. घासण्याचा. गोल, न थांबणारा.

"हे काय घासतंय?" ह्यांनी विचारलं.

"चमचा अडकला असेल," भाऊजी म्हणाला, आणि खटका पडला.

मी धावले तोवर आईंचा सुस्कारा ऐकू आला होता. खटका वर केला आणि परत येऊन भांडी काढायला मशीनचं दार उघडणार, तर भाऊजीने मला अडवलं. "वहिनी, आत हात घालू नका. आतली ओल हलली की माझं मोजमाप चुकेल. भांडी जशी आहेत तशीच राहू द्या, मी मोठं मीटर घेऊन येतो."

"खरकटी?"

"पळून जातायत का ती?"

खोलीतून आईंचा आवाज आला. "भांडी पडलीत का गं?"

"असू देत हो आई."

"ठेवू नये तशी," त्या म्हणाल्या. आवाजात एवढी काळजी, की घरात कुणी उपाशी राहिलंय असं वाटावं.

४

मी प्लग उपसून काढला आणि ओट्यावर, डोळ्यांना दिसेल असा ठेवला. पाण्याचा नळही बंद केला. रोजची भांडी सिंकमध्ये घासायला लागले. चला, निदान आईंचं मशीन तरी सुरळीत चालेल, मला वाटलं.

दुसऱ्याच दुपारी खटका पडला.

तो वर करून मी सरळ स्वयंपाकघरात गेले. प्लग ओट्यावर, ठेवला होता तिथेच. नळ बंद. मशीनच्या दाराला हात लावला तर ते कोमट होतं. मी दार उघडलं आणि तोंडावर वाफ आली.

वरच्या कप्प्यातले ग्लास लख्ख झाले होते. खालच्या ताटल्या अजून तेलकट, आणि मागे माझा चहाचा कप, तळाला तपकिरी डाग तसाच. दाराच्या आतल्या पत्र्यावर वाफेचा पांढरा थर बसला होता. त्यावर एक पंजा उमटला होता. चार बोटं, अंगठा. करंगळी आतल्या बाजूला वाकलेली.

फार वर्षांपूर्वी आईंची करंगळी दारात चेमटली होती आणि वाकडी जुळली होती. मला ते आठवायचं नव्हतं, पण आठवलं. मी ह्यांना हाक मारली. ते आले, चष्मा वर करून अगदी जवळून बघितलं. दुकानात भिंगाला चरा आहे का ते बघतात तसं.

"तुझाच असेल. दार उघडताना लागला."

"आतून?"

मी माझा पंजा त्या खुणेजवळ धरला. माझा मोठा होता. तेवढ्यात थेंब ओघळले, बोटं लांब झाली आणि खूण वाहून गेली. ह्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फडक्याने पत्रा पुसून काढला, जोरजोरात, वाफ उरली नव्हती तरी.

"पाइपात गरम पाणी राहतं," ते म्हणाले.

"प्लग काढून दुसरा दिवस आहे."

"मग काय म्हणणं आहे तुझं? तू सायन्सची मास्तरीण ना? सांग!"

भांडी उपसून सगळी स्वतः घासून टाकावीत असं माझ्या मनात आलं होतं, एवढं आठवतं. पण तसं केलं असतं तर मी काहीतरी मानलं असतं, आणि तेच मला मानायचं नव्हतं. शिवाय भाऊजी म्हणाला होता, हात लावू नका. मी दार लावून घेतलं.

५

भाऊजी मोठं मीटर घेऊन आला. या खेपेला त्याने चहाचं नावही काढलं नाही. पेटी उघडून त्याने घरातली एकेक लाइन सुटी केली. आईंचं मशीन बंद ठेवावं लागणार होतं, म्हणून आम्ही त्यांना सिलिंडर लावला.

स्वयंपाकघराची लाइन पार तोडली, तरी विजेची गळती होतीच. दिवाणखाना, न्हाणीघर, सगळं निर्दोष. शेवटी उरली आईंची खोली.

"अरे, गळती तर इथे आहे," भाऊजी म्हणाला. "आईंचं मशीन."

ऑक्सिजनचं मशीन त्याने नुसतं चालवलं. मीटरचा काटा शून्यावर. मग मी नळी आईंच्या नाकाला लावली, आणि काटा हलला.

"नळी प्लास्टिकची आहे," मी म्हटलं. "आत हवा आहे. यातून वीज जाऊच शकत नाही, भाऊजी."

"मी कुठे म्हणतोय जाते? काटा म्हणतोय."

काटा चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. ते दोघं मान खाली घालून मीटरकडे बघत होते, म्हणून आईंकडे फक्त माझंच लक्ष गेलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजवा हात पांघरुणावर गोल गोल फिरत होता. हात पुढे गेला की काटा वर. मागे आला की खाली. स्वयंपाकघरात ताटलीवर ताटली ठेवल्याचा आवाज झाला.

मग खटका पडला, आणि त्या दिवशी तो वर टिकेना. भाऊजी वर करायचा, तो पडायचा. सिलिंडर मोजमापात निम्मा संपला होता, उरलेलाही बघता बघता संपला. आईंची मान मागे गेली. ओठ निळे, मग जांभळे. "अरे कर ना काहीतरी!" हे ओरडले आणि लहान मुलासारखे रडायलाच लागले. मी आईंचं डोकं छातीशी धरून बसले होते. एवढी शिकलेली बाई, आणि हातात करण्यासारखं काही नाही. मला माझाच राग राग आला.

कधीतरी खटका टिकला. फुस्स, ठक. हळूहळू रंग परतला.

भाऊजीने कपाळावरचा घाम पुसला. "मी आईंच्या मशीनची लाइन थेट मीटरवरून घेतो. खटक्याच्या आधीच. मग घरातलं काहीही पडो, तुम्ही स्वतः मेन बंद केलात तरी, त्यांचं मशीन चालू राहील. मी नवी केबल आणून टाकेपर्यंत."

"म्हणजे त्या लाइनला संरक्षणच नाही," मी म्हटलं.

"संरक्षण कुणाचं, वहिनी? मशीन प्लास्टिकचं, आई गादीवर. त्यांना विजेचा धोका नाही, वीज जाण्याचा आहे."

ह्यांनी हात जोडले. खरंच जोडले, माझ्यापुढे. "अगं, हो म्हण. पुन्हा नको ते."

यात चूक कुठे होती ते मला सांगता आलं नाही. वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते. "लावा," मी म्हटलं.

६

वीज स्थिर झाली, आणि घरात किती दिवसांनी शांतता आली. भाऊजी केबल आणायला गेला. हे रिकामा सिलिंडर भरून आणायला निघाले. जाताना दारातून म्हणाले, "चहा पी निवांत. आता काही होत नाही." मीही मान हलवली. इतकं हलकं वाटत होतं की चपला घालताना ते शीळ घालत होते, तेही मला चाललं.

ऊन खिडकीतून आईंच्या पायांवर आलं होतं. मी पायथ्याशी खुर्ची घेऊन बसले. तिथून बोळ दिसतो आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघरातला ओटा. भांड्यांचं मशीन दिसत नाही, ते भिंतीआड येतं. फुस्स, ठक. मला डुलकी लागत होती.

स्वयंपाकघरात पाणी भरायला लागलं.

मी सवयीने खटक्याची वाट पाहिली. पाणी भरलं, फवारे फिरले, मग ते घासणं सुरू झालं. आता पडेल. आता पडायलाच हवा. पंखा फिरत राहिला, आणि खटका का पडत नाही हे मला हळूहळू कळलं. आईंची लाइन आता त्याच्यातून जातच नव्हती.

आई जाग्या होत्या. उजवी मूठ चादरीवर आवळलेली, मनगटाच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताणलेल्या, खांद्यापर्यंत थरथर. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"सुटत नाही गं," त्या म्हणाल्या.

मी मूठ उघडायला गेले. बोटं ओली आणि पोळण्याइतकी गरम होती, आणि माझ्या हाताला कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. मी हात झटकला. धावत बोळात गेले, स्टुलावर चढले, मेन खाली पाडला. पंखा, फ्रीज, सगळं गप्प झालं.

फुस्स, ठक. फुस्स, ठक. ते मशीन काही थांबलं नाही. भाऊजीने काम चोख केलं होतं. आणि स्वयंपाकघरातलं घासणंही थांबलं नाही.

आता हात सोडवायचा एकच मार्ग उरला होता. मी परत आले आणि आईंच्या ऑक्सिजनच्या मशीनचा प्लग भिंतीतून उपसला.

७

मूठ उघडली. घासणं थांबलं. आईंनी तो ओळखीचा सुस्कारा सोडला, "सोडला बाई," आणि मग त्यांचा श्वास अडकायला लागला. मशीन किंचाळत होतं. मी ह्यांना फोन लावला. तो दिवाणखान्यात सोफ्यावर वाजला. भाऊजी उचलेना. रुग्णवाहिकेला लावला, पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, "पेशंटला नेमकं काय होतंय?" श्वास, म्हटलं. श्वास लागत नाहीये, लवकर या. "निघतेय गाडी," ती म्हणाली.

ओठ निळे पडले तसा मी प्लग लावला. चेहऱ्यावर रंग आला, आणि मूठ मिटली, आणि तिकडे पाणी सुरू झालं. आई कळवळल्या. मी प्लग काढला. मूठ उघडली, ओठ निळे. लावला. काढला. तो पडणारा खटका आम्ही वाटेतून काढून टाकला होता, आता त्याच्या जागी मी आहे.

मधे एकदा प्लग काढून मी स्वयंपाकघरात पळाले. भांडी मीच घासून टाकते, मग सरेल हे, एवढं एकच डोक्यात. हो, आता मानते मी, सगळं मानते. मशीनचं दार ओढलं तर ते आतून ओढून धरल्यासारखं हललंच नाही. मागे आईंच्या घशात घरघर झाली आणि मी परत पळाले.

आता मी पायथ्याशीच उभी आहे. इथून ओटा दिसतो. प्लग लावला की नजर तिकडे जाऊ द्यायची नाही असं ठरवते, पण जाते. एकदा भिंतीच्या कडेजवळ काहीतरी गोरं, ओलं, मनगटापर्यंत दिसलं आणि मागे गेलं. तेवढंच. ओट्यावर धुतलेली भांडी वाढत चाललीत. ताटल्या उभ्या रचलेल्या, एकीला एक टेकून. त्यांच्यापुढे कप उपडे. सगळ्यांचे कान भिंतीकडे.

"आई, राहू द्या ना हो," मी म्हणतेय. रडतेय मी. "मी घासते. तुम्ही बऱ्या झालात की बोला मला काय बोलायचं ते. आता राहू द्या."

"थोडीच राहिलीत," त्या म्हणतात. दम खातात. "असं टाकून कशी झोपू?"

पुन्हा लावला, पुन्हा काढला. जिन्यात पावलं वाजली, पण ती खालच्या मजल्यावर थांबली. लांब कुठेतरी गाडीचा भोंगा ऐकू येतोय असं वाटतं, मग वाटत नाही.

ओट्यावर सगळी भांडी आलीत, नीट, ओळीत. माझा कप तेवढा दिसत नाही, तो तपकिरी डागाचा.

आईंचे ओठ निळे होत चाललेत. उजवा हात त्यांनी चादरीवर उताणा ठेवलाय, सुरकुतलेली बोटं माझ्याकडे करून. चेहऱ्यावर त्रास नाही. काम हातावेगळं होत आलं की त्यांचा चेहरा असाच व्हायचा, आणि मग दिवा मालवून त्या आडव्या व्हायच्या.

"लाव गं," त्या म्हणतात. "एकच राहिलाय."

मी प्लग भिंतीसमोर धरून उभी आहे.